देवीनंतरची वाटी

सोमवार, पहाटेचे पाच वाजून वीस मिनिटं. तुळजापुरातल्या एका उताराच्या बोळात चंद्रप्रभाबाईंच्या स्वयंपाकघरात हरभऱ्याची डाळ शिजते आहे. सव्वा किलो डाळ, दहा माणसांची. पातेल्यातला एक दाणा बोटांत दाबून पाहण्याआधी बाई फडताळाकडं वळतात. फडताळाच्या दारावर बारीक चौकटींचा एक कागद डकवलेला आहे, त्याच्या मधोमध काळा ठिपका. डावा डोळा तळहातानं झाकून त्या ठिपक्याकडं बघतात. मग उजवा झाकून.

"वरच्या कोपऱ्यात अजून दोन रेघा वाकतात," त्या मोठ्यानं सांगतात.

"काल किती होत्या?" बाहेरच्या खोलीतून आवाज येतो.

"दोनच."

"मग चहा टाक."

आवाज त्यांच्या नवऱ्याचा, दत्तोपंतांचा. वय एकाहत्तर. शाळेत कारकून होते, निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली. घराणं पुजाऱ्याचं. बाहेरगावाहून कुळाचाराला येणारी पंधरा-सोळा कुटुंबं पिढ्यान् पिढ्या याच घरी उतरतात. त्यांच्या नैवेद्याचा स्वयंपाक बाई करतात, लग्न होऊन आल्यापासून, म्हणजे पंचेचाळीस वर्षं. स्वतः चौसष्ट वर्षांच्या आहेत. माहेर परंड्याचं.

या घरात पुरण शिजतं ते मंगळवारी, शुक्रवारी आणि पौर्णिमेला. एरवी सोमवारी कधीच नाही. आज सोमवार असून डाळ चढली आहे. त्यामागं एक पोळपाट, एक खारट आमटी आणि फडताळावरचा तो कागद आहे.

नैवेद्याच्या स्वयंपाकाचा पहिला नियम असा की तो चाखायचा नाही. चाखला की उष्टा झाला. वाससुद्धा मुद्दाम घ्यायचा नाही. त्यामुळं जिभेचं आणि नाकाचं काम हातांनी आणि डोळ्यांनी करावं लागतं. उलथनं पुरणात उभं राहिलं की पुरण झालं. डाळीच्या वरच्या पाण्याची, म्हणजे येळवणीची, आमटी किती तिखट आहे ते तर्रीच्या रंगावरून कळतं. मीठ तळहातावर घ्यायचं, मधल्या रेषेपर्यंत आलं की दहा माणसांचं झालं. पंचेचाळीस वर्षांत बाईंचा अंदाज चुकल्याची एकही गोष्ट नैवेद्याला येणाऱ्या यजमान मंडळींत कुणी सांगत नसे. मागच्या दसऱ्यापर्यंत.

दसऱ्याच्या सुमाराला पोळ्या वाकड्या व्हायला लागल्या. निदान बाईंना तशा दिसायला लागल्या. लाटलेल्या पोळीच्या कडेला एका जागी चुणी दिसायची. त्या गोळा मोडून पुन्हा लाटायच्या, तरी चुणी तिथंच. आधी त्यांनी लाटणं बदललं. मग कणीक जास्त तिंबून बघितली. मग त्यांची खात्री झाली की पोळपाटालाच पोक आलं आहे. सासूबाईंचा सागवानी पोळपाट होता तो. एके सकाळी तो पिशवीत घालून त्या शांतलिंग सुताराकडं गेल्या.

"ह्याला रंधा मार बाबा. मधे उचललाय."

शांतलिंगनं पोळपाटावर पट्टी आडवी ठेवली, उभी ठेवली, वाकून खालून उजेड बघितला. "काकू, पाट सरळ हाय."

"सरळ कसा? कड बघ की. लाटेवानी दिसतीय."

"मला न्हाय दिसत." त्यानं दुकानाच्या दाराकडं बोट केलं. "ही चौकट कशी दिसतीय तुम्हाला? कालच बसवलीय."

बाईंनी चौकट बघितली. "ही पण वाकडीच बसवलीयस."

शांतलिंगनं पोळपाट पिशवीत घातला आणि पिशवी त्यांच्या हातात दिली. "पाट राहू द्या काकू. डोळं दाखवा."

बाई घरी आल्या आणि दत्तोपंतांना म्हणाल्या, शांतलिंगचं हल्ली कामात लक्ष नाही.

डोळे दाखवायला कार्तिक उजाडावा लागला, आणि त्याला कारण ठरले हिंमतराव. हे माकणीचे शेतकरी, तेरणेच्या धरणाच्या कडेला वीस एकर. वर्षातून दोनदा, चैत्रात आणि कार्तिकात, कुटुंबासह या घरी येतात आणि नेहमी मंगळवारीच येतात. त्या मंगळवारी बाईंनी तळहातावर मीठ घेतलं तेव्हा ढीग मधल्या रेषेपर्यंत आलेला त्यांना दिसेना. ढीगच नीट दिसत नव्हता. म्हणून त्यांनी आणखी घेतलं, आणि वर थोडं आणखी.

नैवेद्य दाखवून झाला, पानं वाढली. हिंमतरावांनी आमटीचा भुरका मारला, पाणी प्यायले, आणि प्रसादाचं पान टाकायचं नाही म्हणून दोन वाट्या संपवल्या. पंगतीतल्या पोरांनीही घोटघोट पाणी पीत आमटी संपवली. हात धुताना मात्र ते हळूच म्हणाले, "काकू, आमच्या धरणाचं पाणी गोडं असतंय. तुम्ही ह्ये समुद्राचं कुठनं आणलं?"

बाई हसल्या. मग आत जाऊन त्यांनी उरलेल्या आमटीचा एक घोट घेतला. नैवेद्य झाला होता, आता चाखायला हरकत नव्हती. संध्याकाळी दत्तोपंतांना म्हणाल्या, "माझा हात गेला."

पुढच्या आठवड्यात गावात नेत्रतपासणी शिबिर होतं. तिथं सकाळी आठला जाऊन दत्तोपंतांनी नंबर लावला.

बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालून, यंत्रासमोर हनुवटी टेकवून दोन्ही डोळ्यांच्या आतल्या पडद्याचे फोटो काढले गेले. सोलापूरहून आलेल्या तरुण डॉक्टरांनी फोटो बघितले, आणि मधुमेहाला किती वर्षं झाली ते विचारलं.

"चौदा."

"या चौदा वर्षांत डोळे किती वेळा तपासले?"

"चष्मा केला ना सहा वर्षांपूर्वी."

"चष्म्याचं नाही विचारत, मावशी. आतला पडदा."

आत पडदा असतो आणि साखर त्याच्यापर्यंत पोचते, हे बाईंना कुणी सांगितलेलं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं की साखरेनं पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागतात. ओल धरली की भिंत फुगते आणि भिंतीवरचं चित्र वाकडं दिसतं, तसा उजव्या डोळ्याचा पडदा मधोमध फुगला आहे. डाव्यातही सुरुवात आहे, पण सूज नाही.

"म्हणजे पोळ्या..."

"पोळ्या गोलच असणार."

"म्हणजे माझा हात गेला नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा खुलला होता.

"हात नाही जायचा मावशी. डोळा जाईल."

मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ताची तपासणी झाली. आकडा निघाला दहा पूर्णांक एक. सात असता तर डॉक्टर खूश झाले असते. डोळ्यात दर महिन्याला इंजेक्शन, निदान पाच-सहा महिने, आणि साखर खाली, असं ठरलं. डोळ्यात सुई म्हटल्यावर बाईंनी एकच अट घातली: मंगळवार आणि शुक्रवार सोडून. सोलापूरच्या रुग्णालयानं बुधवार दिला.

त्याच शिबिरात एका पाहणीसाठी मधुमेह असलेल्यांची नावं घेत होते. रोजच्या जेवणातल्या जीवनसत्त्वांचा आणि डोळ्याच्या पडद्याच्या आजाराचा काही संबंध लागतो का, ते बघणारी पाहणी. बाईंचं नाव यादीत गेलं, आणि पौष महिन्यात नीरजा दारात आली.

नीरजा सव्वीस वर्षांची, आहारशास्त्र शिकलेली. पाठीवरच्या पिशवीत मापाच्या चार वाट्या, तीन चमचे आणि भाकरीच्या निरनिराळ्या आकारांची चित्रं असलेलं पुस्तक. गाव परंडा म्हटल्यावर चौकशी झाली.

"परंड्यात कुठं?"

"किल्ल्याच्या अलीकडं, काकू."

"मग बस. माहेरचं माणूस उंबऱ्यात उभं राहत नाही."

नीरजानं वाट्या मांडल्या आणि काल सकाळी उठल्यापासून काय काय खाल्लं ते विचारलं.

"काल? चहा घेतला. बिनसाखरेचा."

"मग?"

"मग तांदुळज्याची भाजी केली."

"किती खाल्ली? या वाटीनं सांगा."

"चांगल्या दोन जुड्या होत्या की. रात्री शेपू केला, मूगडाळ घालून. परवा शेवग्याचा पाला. पेरू आणले होते, तेही होते."

"लिही, लिही," बाहेरच्या खोलीतून दत्तोपंत म्हणाले. "सगळं खरं आहे. तिनं केलं आणि मी खाल्लं."

"तुम्ही गप्प बसा. तुम्हाला कुणी विचारलंय?"

नीरजा हसली, पण तिनं लिहिलं ते बाईंनी सांगितलेलंच. पाहणीचा नियम होता की समोरचा सांगेल ते लिहायचं. पंधरा दिवसांत तीन वेळा हीच प्रश्नोत्तरं झाली. गणित मांडल्यावर अ, क आणि ई जीवनसत्त्वांत नीरजाच्या यादीतल्या साडेतीनशे जणांमध्ये चंद्रप्रभाबाईंचा नंबर तिसरा लागला. कागदावर त्यांच्याइतकं नेमकं खाणारी माणसं जिल्ह्यात थोडीच असतील. गोळ्या त्या वेळेवर घेत होत्या, हेही खरं होतं. आणि साखर दहा.

नीरजानं विचारलं, "काकू, शुक्रवारी मी दिवसभर तुमच्या स्वयंपाकघरात बसू का?"

"बस की. कोपऱ्यात बस, शिवायचं नाही कशाला."

त्या शुक्रवारी तीन घरांचे नैवेद्य होते. नीरजा सकाळी सहाला येऊन कोपऱ्यातल्या पाटावर बसली. बारापर्यंत बाईंनी पाण्याशिवाय काही घेतलं नाही. नैवेद्य झाले, पंगती उठल्या. मग एकेका कुटुंबातली बाई आत आली आणि नैवेद्याच्या ताटातली पोळी, तूप आणि वाटीभर गुळवणी असं त्यांच्यापुढं ठेवून नमस्कार करून गेली. करणारीला देवीच्या ताटातला प्रसाद, ही या घरच्या यजमानांची जुनी रीत. अशा तीन पोळ्या झाल्या. बाईंनी त्या उभ्याउभ्याच संपवल्या, गुळवणीसकट, कारण प्रसाद उरवायचा नसतो. भाजी शेवटी आली. कढईच्या तळाला लागलेली, खरवडून दोन चमचे.

नीरजानं विचारलं, "काकू, मागच्या तीन वेळेला या पोळ्या सांगितल्या नाहीत तुम्ही."

"तू खाणं विचारलंस. हा प्रसाद आहे."

"पण पोटात जातो ना?"

"जातो. भुकेनं थोडाच खातं कुणी तो? प्रसादाला नाही म्हणता येत नाही." एवढं बोलून त्यांनी ताटलीत एक पोळी घातली आणि नीरजापुढं केली. "घे."

पाहणीचा आणखी एक नियम असा होता की ज्या घरी विचारायला जायचं तिथं खायचं नाही. नीरजानं पोळीकडं बघितलं, बाईंच्या तोंडाकडं बघितलं, आणि पोळी घेतली. नाही म्हणणं किती अवघड आहे ते तिला त्या घासाला कळलं, असं ती आता सांगते. मग बोटं पुसून तिनं फॉर्म उघडला. प्रसादाला रकाना नव्हता. तिनं 'गोड पदार्थ' या रकान्यात तीनचा आकडा लिहिला.

बाईंनी चष्मा वर करून कागद डाव्या डोळ्यासमोर धरला. "देवीच्या प्रसादाला गोड पदार्थ म्हणतेस? खोड ते."

नीरजानं खोडलं, आणि समासात लिहिलं: प्रसाद, तीन पोळ्या, गुळवणी तीन वाट्या. खाली लिहिलं: पालेभाजी, दोन चमचे. मग तिनं तो कागद बाईंना वाचून दाखवला. "काकू, आधीच्या कागदांवर तुम्ही केलेलं आहे. तुम्ही खाल्लेलं हे."

बाई बराच वेळ गॅसचा ओटा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "भाजी खाल्ली असती तर डोळा राहिला असता का?"

"ते अजून कुणालाच नक्की माहीत नाही. माहीत असतं तर साडेतीनशे घरी वाट्या घेऊन कशाला हिंडले असते? पण साखर उतरली नाही तर इंजेक्शनं पुरी पडणार नाहीत, एवढं माहीत आहे."

"मग काय, यजमानांच्या लेकीसुनांना सांगू, प्रसाद नको म्हणून? या घरात राहून?"

डोळा राहिला नाही तर नैवेद्य करता येणार नव्हता, आणि नैवेद्य करायचा तर समोर आलेल्या ताटाला नाही म्हणता येत नव्हतं.

उत्तर दत्तोपंतांनी काढलं, संध्याकाळी, पूजेची भांडी पुसताना. हातात तीर्थाची पळी होती. ती त्यांनी बायकोसमोर धरली.

"तीर्थ घेताना तांब्या तोंडाला लावतो का आपण?"

"काहीतरीच काय?"

"एक पळी घेतो. पोचतं ना देवीला? मग प्रसादच तेवढा ताटभर कशाला लागतो? पोळीचा पळीत मावेल एवढा तुकडा घ्यायचा. नाही म्हटलं नाही, आणि मोडलंही नाही काही."

"आणि उरलेला?"

"त्याची जबाबदारी माझ्यावर."

"काका, तुमची साखर तपासलीय का?" नीरजानं पिशवी उचलता उचलता विचारलं.

दत्तोपंतांचीही तपासणी झाली. साखर व्यवस्थित निघाली, आणि हे ते अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. उरलेल्या पोळ्यांतली एक त्यांची, बाकी शेजारच्या गोठ्यातल्या गाईची, अशी वाटणी बाईंनी ठरवून दिली आहे.

भाजीचा प्रश्न त्याहून किचकट होता. आधी स्वतःची भाजी काढून ठेवावी तर ती नैवेद्याच्या आधी होते, ते चालत नाही. सगळ्यांचं झाल्यावर घ्यावी तर उरत नाही. दोन दिवस विचार करून बाईंनी क्रम लावला: आधी नैवेद्य, मग स्वतःची वाटी, मग घर. नीरजाच्या मापाशी ताडून त्यांनी फडताळातली एक स्टीलची वाटी निवडली. नैवेद्याचं ताट बाहेर गेलं की त्या वाटीत काठोकाठ भाजी काढून झाकून ठेवायची, आणि मगच कढई उचलायची. पंचेचाळीस वर्षं ज्या शेवटी जेवल्या, त्यांचा नंबर आता देवीनंतर लागतो.

"लोक काय म्हणतील," पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या.

"म्हणतील, उशिरा का होईना, अक्कल आली," दत्तोपंत म्हणाले.

इंजेक्शनं सुरू झाली. पहिल्या वेळी बाईंनी दत्तोपंतांचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की दुसऱ्या वेळी त्यांनी घड्याळ काढून ठेवलं. फाल्गुनात पुन्हा रक्त तपासलं तेव्हा साखर आठ पूर्णांक चारवर आली होती. उजव्या डोळ्यानं आधी तक्त्यावरची तिसरी ओळ दिसायची, आता पाचवी दिसते. फोटोत सूज अर्ध्याहून कमी झाली आहे, गेलेली नाही. रोज सकाळी बघायचा चौकटींचा कागद डॉक्टरांनी दिला होता. सुरुवातीला त्यावर दहा-बारा रेघा वाकत होत्या, त्या दोनवर आल्या.

चौथ्या इंजेक्शनच्या वेळी निरोप आला की पडद्याचे डॉक्टर आता फक्त मंगळवारीच येणार. तारीख आली ती नेमकी हिंमतरावांच्या चैत्रातल्या नैवेद्याची.

"मी पुढच्या महिन्यात घेईन," बाई म्हणाल्या.

नीरजाला त्यांनी फोनवर हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "काकू, महिना चुकला तर सूज परत चढू शकते. मग कागदावर मोजत बसाल."

"माकणीचं घर तीन पिढ्या मंगळवारी येतं गं. मी कोण त्यांचा मंगळवार मोडणार?"

दत्तोपंतांनी बायकोला न विचारता माकणीला फोन लावला. डोळ्याच्या तारखेचं ऐकून हिंमतराव म्हणाले, "काका, मंगळवार आमच्या आज्यापास्नंचा हाय."

"हिंमतराव, देवी काय सोमवारी गावाला जाते का?"

पलीकडून आवाज आला, "बरं. सोमवारी येतो. काकूला सांगा, खारट आमटी खाण्यापरीस देवीला एक दिस आधी भेटलेलं बरं."

म्हणून आज सोमवारी डाळ चढली. आठच्या सुमाराला माकणीची गाडी बोळाच्या तोंडाशी येते आणि दहा माणसं उतरतात. पोळपाट जुनाच आहे. पोळी लाटताना बाईंना कडेला एका जागी अजून बारीक चुणी दिसते. त्या पोळी मोडत नाहीत. कडेवरून बोट फिरवतात, बोटाला गोल लागली की तव्यावर टाकतात. मीठ आता तळहातावर घेत नाहीत. नीरजानं दाखवलेल्या चमच्यानं सपाट मोजतात.

साडेबाराला पान वाढलं जातं. हिंमतराव आमटीची वाटी उचलतात. स्वयंपाकघराच्या दारात बाई, त्यांच्या मागं दत्तोपंत, पंगतीत माकणीची बाकी नऊ माणसं, सगळ्यांचं लक्ष त्या भुरक्याकडं.

"मीठ?" बाई विचारतात.

हिंमतराव आणखी एक भुरका मारतात. घाई करत नाहीत. "खरं सांगू काकू? जरा कमीच हाय."

"असू दे," बाई म्हणतात. "वरून घेता येतं."

हिंमतरावांच्या सूनबाई, हर्षाली, पोळीचं ताट घेऊन आत येतात. बाई ताट कपाळाला लावतात, तीर्थाच्या पळीत मावेल एवढा तुकडा मोडून तोंडात टाकतात आणि ताट दत्तोपंतांकडं सरकवतात. मग झाकण उचलून भाजीची वाटी घेतात आणि पाटावर बसून खातात.

संध्याकाळी डाळीचा डबा फडताळात वरच्या कप्प्यात जातो. उद्या मंगळवार. चंद्रप्रभाबाईंच्या गॅसवर उद्या पुरण नाही. सकाळी साडेसातच्या सोलापूर गाडीनं दोघं निघतील. बरोबरच्या डब्यात दोन ज्वारीच्या भाकरी आणि एक वाटी तांदुळजा असेल. इंजेक्शन साडेदहाला आहे, उजव्या डोळ्यात.